चारशे किलोच्या आत

दक्षिण सोलापुरातल्या गावांत हुसेनसाब ट्रॉलीवाल्याचं नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग मान डोलावतात. हसतात ती त्याच्या ट्रॉलीच्या वजनाला. दुसऱ्यांची रिकामी ट्रॉली दोघं मिळून ढकलतात, हुसेनसाबची जागची हलवायला चौघं लागतात. मान डोलावतात ती अशासाठी, की पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्याकडून नेलेली ट्रॉली अजून ऊस ओढते आहे आणि जो ती घेऊन गेला तो मात्र केव्हाच मातीआड झाला. होटगी रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे. बेचाळीस वर्षं त्या शेडमध्ये एकच शिस्त चालली. जिथं दोन सूत जाडीचं लोखंड पुरेल तिथं तीन सूत लावायचं. कुणी गिऱ्हाईक म्हणालंच, की जरा हलकी करा, डिझेल वाचेल, तर हुसेनसाब त्याला चहा पाजून वाटेला लावायचा. हलकं काम म्हणजे चोरीचं काम, असं त्याचं मत होतं आणि ते तो मोठ्यानं सांगायचा.

अशा माणसानं वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी चाकांवरचं एक घर करायला घेतलं, आणि तेही चारशे किलोच्या आत. त्याचं डोकं फिरलं असं शेजारच्या शेडवाल्यांना वाटलं. डोकं फिरलं नव्हतं. बायको मरायला टेकली होती.

नूरबीच्या कण्यात गाठ होती. दिवाळीच्या सुमारास मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शाकीरला, म्हणजे त्यांच्या मुलाला, बाजूला घेतलं आणि सांगितलं, की आता घरी न्या, दुखू देऊ नका, मागतील ते द्या. शाकीरनं ते बापाला सांगितलं. नई जिंदगी वस्तीतल्या घरी आल्यावर दोन दिवस हुसेनसाब नुसता बायकोच्या खाटेभोवती घोटाळत राहिला. तिसऱ्या दिवशी धीर करून त्यानं विचारलं, "काय पायजे तुला? सांग की."

नूरबीनं उभ्या आयुष्यात काही मागितलेलं नव्हतं. मागायची सवय नसलेल्या माणसाला एकदम विचारलं की त्याला सुचत नाही, असं आपण समजतो. तिला लगेच सुचलं.

"राहतआपाला भेटायचंय," ती म्हणाली. "दुधनीला जायचंय."

राहतआपा म्हणजे नूरबीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा नूरबी चार वर्षांची होती आणि राहत तेरा-चौदाची. त्या पोरीनं या पोरीला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, लग्न लावून सोलापूरला पाठवलं. आता राहतआपा पंच्याहत्तरीला टेकली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं उंबऱ्याबाहेर येणं बंद झालं होतं आणि कानांनी तर दहा वर्षांपूर्वीच हात टेकले होते. त्यामुळं फोनचा उपयोग नव्हता. मोबाइलवर तोंड दाखवलं तर आपा त्या काचेवरून हात फिरवायची आणि तेवढ्यात फोन बंद व्हायचा. दोघी बहिणींची गाठ पडून चार वर्षं झाली होती.

दुधनीला हुसेनसाब स्वतः किती वेळा गेला असेल याला गणती नाही. तिथल्या आडत बाजारात त्याच्या ट्रॉल्या उभ्या असतात. दर वेळी नूरबी दारात यायची आणि म्हणायची, मला पण घेऊन चला की. दर वेळी तो म्हणायचा, ट्रॅक्टरवर तुला कुटं बसवू, हंगाम सरू दे, मग दोघं जाऊ. हंगाम काही सरला नाही. ट्रॉल्या गेल्या, बायको राहिली. आणि तो तिकडं गेला तरी सासरवाडीत पाणी प्यायलासुद्धा टेकायचा नाही, पैसे घेऊन दिवस मावळायच्या आत परत. ही गोष्ट आता त्याला काट्यासारखी रुतली.

जायचं कसं हा प्रश्न होता. नूरबीला दहा मिनिटांच्या वर बसवत नव्हतं. शाकीरकडं शाळेची पोरं नेण्याची जुनी व्हॅन होती. तिची बाकं काढून खाली गादी घातली आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन बघितलं. व्हॅन आखूड, पाय लांब करता येईनात. दुसऱ्या गतिरोधकाला नूरबीनं ओठ असा चावला की रक्त आलं. शाकीर म्हणाला, रुग्णवाहिका करू. त्यावर नूरबीनं मान हलवली.

"नक्को," ती म्हणाली. "त्या गाडीचा भोंगा ऐकला की अख्खं दुधनी आधी रडायला बसंल, मग विचारंल कोण आलंय. आन् पोचल्यावर काय? आपाच्या दोन खोल्या, संडासाला तीन पायऱ्या. मी कुणाच्या घरात घाण करायला जाणार न्हाय. तसं असंल तर राहू द्या."

राहू द्या म्हणाली, पण तोंड भिंतीकडं केलं. सून आरजू तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि बापलेक बाहेर येऊन उभे राहिले. शाकीरनं मोबाइलमध्ये शोधून बापाला एक चित्र दाखवलं. मोटारीच्या मागं जोडलेलं छोटं घर. आत पलंग, खिडकी, कोपऱ्यात संडासाची सोय. परदेशात लोक हे घेऊन फिरतात, त्याला कॅराव्हॅन म्हणतात, पुण्यात पण आता मिळतात, असं तो म्हणाला. हुसेनसाबनं चष्मा वर-खाली करून ते चित्र पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे ट्रॉलीच की."

दुसऱ्या रविवारी दोघं पुण्याला जाऊन आले. तिथल्या विकणाऱ्या पोराला वाटलं, म्हातारा सहलीला निघालाय. त्यानं आतल्या दिव्यांचे रंग बदलून दाखवले, गाणी लावून दाखवली. हुसेनसाब खाली वाकून चाकांचा धुरा बघत होता. त्यानं बोटाच्या पेरानं बाजूचा पत्रा वाजवला आणि शाकीरच्या कानात म्हणाला, "पत्रा हाय का पापड?" मग त्यानं वजन विचारलं. सगळ्यात लहान घर, रिकामं, साडेसातशे किलो. शाकीरची व्हॅन ओढून ओढून पाचशे ओढणार, त्यात आतलं माणूस आणि सामान धरायचं. म्हणजे घर चारशेच्या आत हवं. पापड म्हणून ज्याला नावं ठेवली तेही हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट जड निघालं होतं.

"मी करतो," येताना टेंभुर्णीला चहा पिताना हुसेनसाब म्हणाला.

खरं सांगायचं तर मागं ओढून न्यायच्या गाडीत माणूस ठेवायला कायद्यानं मनाई आहे, आणि जन्मभर ट्रॉल्या करणाऱ्याला हे कुणी शिकवायला नको होतं. गिऱ्हाइकांना तो स्वतःच दम द्यायचा, की ट्रॉलीत माल बसवा, माणसं नको. पण माणूस कोंडीत सापडला की दुसऱ्याला दिलेले दम विसरतो. शाकीरनं एकदा तो विषय काढून बघितला. बापाचा चेहरा पाहून त्यानं तो परत काढला नाही.

पहिलं घर बारा दिवसांत उभं राहिलं. वजनकाट्यावर नेलं तर सहाशे दहा किलो. रामहरी, शेडमधला तीस वर्षांचा जुना फिटर, काट्याचा आकडा वाचून म्हणाला, "मालक, हे घर न्हाय, ही तिजोरी झाली." हुसेनसाबनं त्याला शिवी हासडली, पण ती उगाच. हात ऐकत नव्हता. डोकं म्हणायचं बारीक पाइप, आणि हात जाऊन जाड चॅनेल उचलायचा. जोड मारताना वेल्डिंगचा एक टाका पुरे असेल तिथं चार पडायचे. बेचाळीस वर्षांचं वळण बारा दिवसांत कसं मोडणार?

मग त्यानं कापायला सुरुवात केली. मी जे ऐकलं आहे त्याप्रमाणं त्या दिवसांत शेडमध्ये कुणी त्याच्याशी बोलत नसे. स्वतःच्या हातानं जोडलेलं स्वतः कापायचं हे काम त्याला कधी करावं लागलं नव्हतं. जाड सांगाडा गेला आणि बारीक चौकोनी पाइप आला. तळाची लाकडी फळी गेली, दोन पातळ प्लायच्या मध्ये थर्माकोल भरून तळ केला. त्याच्यावर तो स्वतः चढून नाचला तेव्हा कुठं त्याला तो खरा वाटला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीतले चार पाटे त्यानं काढून टाकले, म्हणजे गचके कमी बसतील. कपाट गेलं. स्वयंपाकाचा ओटा गेला. कोपऱ्यातल्या संडासाला मात्र त्यानं हात लावला नाही. काट्यावर चारशे पंचावन्न.

"आता काय राहिलंय?" रामहरी म्हणाला.

आत दोन पलंग होते, एक नूरबीचा, एक हुसेनसाबचा. तो थोडा वेळ दोन्हींकडं बघत उभा राहिला. मग त्यानं स्वतःचा पलंग काढला. "मी व्हॅनमध्ये निजंन," तो म्हणाला. दुसरी खिडकी गेली, मागचा भारी दरवाजा जाऊन हलका आला. तिसऱ्या खेपेला काट्यावर तीनशे ब्याऐंशी आले. काटेवाल्यानं पावती दिली. रामहरीनं हळूच विचारलं, "टिकंल का हे, मालक?"

हुसेनसाब म्हणाला, "किती टिकायला पायजे, रामहरी?" आणि तोंड फिरवून घामाच्या फडक्यानं डोळे पुसले.

निघायचा दिवस ठरला, जानेवारीतला शुक्रवार. सगळं मापात होतं. पलंगाची उशी पुढं, व्हॅनच्या बाजूला. उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर, कारण नळी आखूड. तिथंच पाण्याचे दोन कॅन, औषधांची पेटी आणि आरजूची बसायची जागा. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन धुऱ्याच्या पुढं. दोन चाकांच्या ट्रॉलीचा हा पहिला धडा. माल पुढं भरला तर ट्रॉली मुकाट मागनं येते, मागं भरला तर ती ओढणाऱ्यालाच हलवते. हा धडा हुसेनसाबनं किती शेतकऱ्यांना दिला असेल.

आणि मग त्या पहाटे नमाज पढून उठताना त्याच्या मनात एक गोष्ट आली. नमाजेला त्याचं तोंड पश्चिमेला होतं. दुधनी सोलापूरच्या आग्नेयेला. घर त्या दिशेनं निघालं, की पुढं उशी असलेल्या माणसाचे पाय पश्चिमेच्याच बाजूला होणार. किबल्याकडं, मक्केच्या दिशेला पाय. आमच्याकडं धडधाकट माणूससुद्धा खाट टाकताना आधी हे बघतो, आणि ही तर अशा अवस्थेतली बाई. रस्त्यात तिचं काही बरंवाईट झालं तर ती कुठं पाय करून गेली असं होईल? त्याला ते सहन होईना. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. उशी उचलून मागच्या टोकाला नेली. उशी गेली तसा सिलिंडर मागं गेला, पाण्याचे कॅन मागं गेले, पेटी मागं गेली, आरजूचं आसन मागं गेलं. जन्मभर जे शिकवलं ते त्या पहाटे त्याला आठवलंच नाही, याचं मला नवल वाटत नाही. त्या वेळी तो ट्रॉलीवाला नव्हता, नवरा होता.

नूरबीला चादरीत उचलून आणलं. आत आल्यावर तिनं चौफेर नजर फिरवली, खिडकीचा पडदा बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "एवढं छान करता येतं, तर इतके दिवस नुसत्या ट्रॉल्या का केल्या?"

वळसंग मागं पडेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. शाकीर चाळीसच्या वर काटा जाऊ देत नव्हता. पुढं एक लांब उतार लागला. हुसेनसाब शेजारच्या सीटवरून सारखा आरशात बघत होता. आरशातलं घर एकदा डावीकडं सरकलं. मग उजवीकडं. मग परत डावीकडं, या वेळी जास्त. व्हॅनचं मागचं अंग त्याच्याबरोबर झोकांड्या खायला लागलं. समोरून ट्रक येत होता. शाकीरचा पाय ब्रेककडं गेला.

"ब्रेक नको!" हुसेनसाब ओरडला. "पाय उचल नुसता! चाक सरळ धर!"

ट्रकवाला हॉर्न वाजवत हातभर अंतरावरून गेला. घर आणखी दोनदा झुललं, मग त्याचा जोर ओसरला, आणि डावं चाक रस्त्याकडेच्या मातीत उतरून गाडी थांबली. हुसेनसाब पळत मागं गेला. आरजू जमिनीवर बसली होती, पाण्याचा एक कॅन आडवा पडून सगळं ओलं झालं होतं. नूरबीनं पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ती जिवंत आहे हे समजायला त्याला जो क्षण लागला, तो त्याला पुढं बरेच दिवस झोपेत छळत राहिला.

तेवढ्यात मागून तुरीची पोती भरलेला ट्रॅक्टर येऊन थांबला. चालवणारा मल्लप्पा, अक्कलकोटकडचा शेतकरी. त्याची ट्रॉली हुसेनसाबच्याच हातची. खाली उतरून त्यानं घराला एक चक्कर मारली, आत डोकावून पाहिलं आणि मागच्या टोकाला खालून हात लावून उचलून बघितलं.

"हुसेनसाब, शेपूट जड केलासा की," तो म्हणाला. "तुमीच मला सांगितलं हुतं, निम्म्याच्या वर माल म्होरं पायजे. इसरलासा व्हय?"

चेष्टा नव्हती त्याच्या बोलण्यात, पण हुसेनसाबची मान खाली गेली. बायकोला आपल्याच हातानं मारलं होतं जवळजवळ. आता काय करायचं तेही त्याला माहीत होतं. पाण्याचे कॅन व्हॅनमध्ये टाकता येतील. पण सिलिंडर उशाशीच हवा, आरजू उशाशीच हवी, आणि नूरबीचं स्वतःचं वजन आहेच. उशी पुढं न्यायला हवी होती, दुसरा इलाज नव्हता. तो घराच्या दारात आला.

"काय झालं?" नूरबीनं डोळे उघडून विचारलं.

त्यानं सांगितलं. पहाटे उशी का फिरवली तेही सांगितलं. आरजूनं पदर तोंडाला लावला. मल्लप्पा बाजूला झाला.

"मग फिरवा मला," नूरबी म्हणाली.

"पाय तिकडं होतील, नूर."

"हे पाय माझे हायत का आता? दोन महिने झाले, अंगठा हलत न्हाय माझा. जे माझ्या ताब्यात न्हाय त्याचा गुन्हा तो माझ्यावर लावंल? तुमी त्याला एवढा कठोर समजता?" तिला दम लागला. थांबून ती म्हणाली, "आन् रस्ता वळला की पाय बी वळणारच की. दर वळणाला काय मला फिरवत बसणार हायसा?"

मल्लप्पाला हसू आलं, ते त्यानं खोकून दाबलं. हुसेनसाबला हसू आलं नाही. त्यानं आणि शाकीरनं तिला चादरीसकट उचललं आणि फिरवलं. उशी पुढं आली, सिलिंडर पुढं आला, आरजू पुढं आली. पश्चिमेकडं झालेल्या तिच्या पायांवर हुसेनसाबनं सोलापुरी चादर दुहेरी करून घातली, कडा नीट खाली खोचल्या, आणि तिथंच गुडघ्यावर बसून पुटपुटत माफी मागितली. तिच्यासाठी मागितली की स्वतःसाठी, ते त्याचं त्याला ठाऊक. मल्लप्पानं चाक मातीतून काढायला हात दिला आणि अक्कलकोटपर्यंत तो ट्रॅक्टर घेऊन त्यांच्या मागं मागं आला. घर आता मुकाट मागून येत होतं. आरशात ते जागचं हलत नव्हतं. तरी हुसेनसाबनं दुधनीपर्यंत आरशावरची नजर काढली नाही.

दुधनीत नूरबीच्या मनासारखं झालं. भोंगा नव्हता, त्यामुळं कुणी रडत आलं नाही. सगळे घर बघायला आले. बायका आत डोकावून विचारत होत्या, हे खरंच ओढून आणलं? पोरं चाकं मोजत होती. त्या गर्दीतून नूरबीच्या भाच्यांनी राहतआपाला खुर्चीत बसवून उचलून आणलं. तळ जमिनीपासून वीतभरच उंच ठेवला होता, त्यामुळं खुर्ची तशीच आत गेली.

आपा बहिरी माणसं बोलतात तशी ओरडून बोलायची. "एवढी वाळलीस?" ती म्हणाली ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "हा लोखंडवाला तुला जेवायला घालत न्हाय का?" सगळे हसले. नूरबीही हसली. मग आपाचा हात तिच्या डोक्यावरून मानेवर आणि मानेवरून पाठीवर आला, हाडं लागली तिथं थांबला, आणि आपाचं बोलणं बंद झालं. आरजूनं पडदा ओढून घेतला आणि ती बाहेर आली.

तीन दिवस ते घर आपाच्या दारासमोर उभं होतं. सकाळी भाचे आपाला आत आणून ठेवत, अंधार पडला की घरात नेत. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला फार बोलवत नव्हतं, तरी दोघींचं दिवसभर काहीतरी चाललेलं असे. आपा तिचे केस विंचरी. आपाच्या हातची ज्वारीच्या कण्यांची ताकातली अंबील नूरबीनं दोन वाट्या प्यायली, सोलापुरात महिनाभरात तिनं तेवढं काही खाल्लं नव्हतं. दुखण्यावरची जादा गोळी दोन दिवस लागली नाही. हुसेनसाब व्हॅनमध्ये बसून हे बघत होता. त्याला बरं वाटत होतं. हे इतकं सोपं होतं. बेचाळीस वर्षांत कधीही करता आलं असतं.

चौथ्या दिवशी सोमवार. शाकीरला दुपारच्या शाळेची पोरं न्यायची होती. सकाळी चहा झाल्यावर हुसेनसाबनं घर व्हॅनला जोडलं, साखळी अडकवली, खिळा ठोकला, दोन्ही चाकांवर लाथ मारून हवा बघितली. मग नूरबीला सांगायला आत गेला. आपा तिच्या उशाशी होती.

"आरजूला बाहेर पाठवा जरा," नूरबी म्हणाली. आरजू गेल्यावर ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"मला हितंच राहू देता का?"

त्याला आधी कळलंच नाही. "आनखी दोन दिवस? शाकीर बघ की, त्याची पोरं—"

"दोन दिवस न्हाय," ती म्हणाली.

आता कळलं. "म्हणजे मी तुला ह्यासाठी आणलं का? हितं डॉक्टर न्हाय, काय न्हाय! दम लागला तर काय करायचं? मी परत न्यायचं बी बघून केलंय सगळं, नुसतं आणायचं न्हाय!" तो ओरडत होता. आपाला ऐकू जात नव्हतं, पण ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

नूरबीनं त्याला बोलू दिलं. मग ती म्हणाली, "तुमी न्हेलं तर मी येईन. तोंडातनं शब्द काढणार न्हाय. पण मला लहानाची मोठी हिनं केलंय. डोळे मिटताना हिचा हात असावा असं वाटतं. म्हणून विचारलं. ठरवा तुमी."

तिनं असं त्याच्यावर टाकलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तो खाली उतरला आणि घराच्या पुढच्या बाजूला, दांड्याजवळ जाऊन उभा राहिला. शाकीरनं व्हॅन सुरू केली होती. हुसेनसाबनं त्याला हातानं खूण केली, बंद कर. मग तो उकिडवा बसला. खिळा घट्ट बसला होता, तीन दिवसांपूर्वी निघाला तसा निघेना. हातोडीचे चार ठोके घालावे लागले. साखळी सोडली. दांडा उचलून आधाराच्या पायावर टेकवला.

"अब्बा, काय करताय?" शाकीर उतरून आला.

"व्हॅन ने तू. पोरं वाट बघत असतील."

"आन् अम्मी?"

"अम्मी माहेरी राहणार हाय."

शाकीर दांड्याकडं बघत राहिला. "मग न्यायला कवा येऊ?"

हुसेनसाब हातातला खिळा फडक्यानं पुसत होता, पुसून झाला तरी पुसत होता. शाकीरला कळलं. तो आत गेला, आईच्या हातांवर डोकं ठेवून बराच वेळ बसला, आणि बाहेर आला तेव्हा बापाकडं न बघता व्हॅनमध्ये चढला. आरजू राहिली. मागं काही ओढायचं नसल्यामुळं व्हॅन चटकन गल्ली ओलांडून गेली.

हुसेनसाब आत आला. बसायला जागा नव्हती. एका बाजूला आपाची खुर्ची, दुसऱ्या बाजूला सिलिंडर. तो पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला.

"गेला शाकीर?" नूरबीनं विचारलं.

"गेला."

तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं, बहुतेक ती अर्धवट झोपेत असावी, तिनं विचारलं, "आन् तुमी कवा निघणार?"

बेचाळीस वर्षं या गावात येऊन त्यानं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, दिवस मावळायच्या आत. त्यानं चादरीखाली हात घातला आणि तिचा गार पडलेला पाय धरला.

"मी न्हाय निघत," तो म्हणाला.